पिणारा आणि पहारा



स्मृती-व्याख्यानाची सुरुवात थोरांच्या नावाने करायची रीत आहे. मी मात्र आज एका मेलेल्या शब्दापासून सुरुवात करणार आहे. इंग्रजीत एके काळी ‘पोटेटर’ असा शब्द होता. (हसू नका, बटाट्याशी त्याचे काही नाते नाही.) लॅटिनमधून उसना घेतलेला हा शब्द. अर्थ इतकाच : पिणारा. त्यातही दारू पिणारा. आज तो कोणी बोलत नाही, कोणी लिहीत नाही. जाडजूड कोशाच्या कोपऱ्यात पडून आहे. त्याच्या घरातली बाकीची माणसे मात्र जिवंत आहेत. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर ‘पोटेबल वॉटर’ म्हणतात, म्हणजे पिण्याजोगे पाणी, ते त्याच घरातले. आणि विषाला इंग्रजीत जो ‘पॉयझन’ शब्द आहे, तोही त्याच घरातला. एकाच मुळाला एक फांदी पाण्याची, एक विषाची.

हे मूळ आपल्याला परके नाही. संस्कृतातला ‘पा’ धातू, पिणे, हा त्याचाच भाऊबंद. त्यावरून आपल्या पूर्वजांनी केवढे पिणारे उभे केले पाहा. मुळांनी पाणी पिते ते झाड, म्हणून पादप. सोंडेने एकदा आणि तोंडाने एकदा असे दोनदा पितो तो हत्ती, म्हणून द्विप. मध पितो तो भुंगा, म्हणून मधुप. आणि मद्य पितो तो मद्यप. झाड, हत्ती, भुंगा आणि दारुडा, सगळे एका पंगतीत! आणि याच ‘पा’चा एक जुळा आहे : रक्षण करणे. त्या ‘पा’वरून भूप, नृप, गोप. म्हणजे भुंग्यातला ‘प’ पितो आणि राजातला ‘प’ राखतो.

व्याकरणाचा तास घ्यायला मी आलेलो नाही. पण पिणे आणि राखणे या दोन गोष्टी आपल्या मुलुखात वारंवार समोरासमोर आल्या आहेत, आणि आज मला त्याबद्दल बोलायचे आहे. पिणारा एका बाजूला, पहारा दुसऱ्या बाजूला. मी तुमच्यापुढे तीन पिणारे आणणार आहे. एक दूध पिणारा, एक पाणी पिणारा, एक दारू पिणारा. तिघांच्या बाबतीत प्रश्न एकच विचारायचा : पहारा कोणावर होता? पिणाऱ्यावर, की जे प्यायचे त्यावर?

पहिला पिणारा रायगडाच्या पायथ्याच्या याच वाडीतला. हिरकणीची गोष्ट या सभागृहात मी सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे. इथल्या पोरासोरांना ती माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. ती दंतकथा आहे, तिला कागदाचा आधार नाही, हेही आपण जाणतो. पण दंतकथा टिकते ती काही खरे सांगते म्हणूनच टिकते. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, कोजागरी, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, पहारेकरी म्हणाले आता सकाळी. ती पश्चिमेच्या कड्यावरून उतरून घरी आली. इथपर्यंत आपण सगळे तिच्या धाडसाचे कौतुक करतो. करायलाच हवे. तिच्यावर कविता झाली, शाळेत धडा झाला, सिनेमा झाला, एस.टी.च्या गाड्यांना तिचे नाव मिळाले.

पण ती कोणासाठी उतरली? पिणाऱ्यासाठी. घरी तान्हे बाळ होते आणि ते भुकेले होते. गोष्टीतला खरा पिणारा तो. त्याला नाव नाही, तो एक शब्द बोलत नाही, आणि सगळी गोष्ट त्याच्यामुळे घडते.

आणि पुढे काय झाले म्हणतात? शिवाजी महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला. नीट ऐका. बक्षीसही दिले आणि वाटही बंद केली! राज्यकर्त्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. जिथून एक आई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो. पहारेकऱ्यांचेही काही चुकले नाही. हुकूम म्हणजे हुकूम. मग आपण गोष्ट सांगणाऱ्यांनी काय सोडून दिले? मोठ्या दरवाजाला एक छोटी दिंडी असते, हे आपल्यापैकी गड पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मोठे दार न उघडता एखाद्या माणसाला आत-बाहेर करण्यासाठी ती असते. तान्हे मूल घरी ठेवून आलेल्या बाईसाठी यापुढे दिंडी उघडावी, असा हुकूम निघाल्याचे गोष्टीत कुठे येत नाही. साडेतीनशे वर्षे आपण ही गोष्ट सांगतो आहोत आणि साडेतीनशे वर्षांत ते वाक्य कोणाला घालावेसे वाटले नाही. आपल्याला कडा उतरणारी आई आवडते. कडा उतरायची वेळ तिच्यावर येऊ नये, यात आपल्याला गोष्ट दिसत नाही.

दुसरा पिणारा इथून फार दूर नाही. महाड. चवदार तळे.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा राखलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या सर्वांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात? प्रत्यक्षात कोणी तिकडे फिरकू शकले नाही. गुरे पीत होती. इतर धर्मांचे लोक पीत होते. पहारा फक्त एका पिणाऱ्यावर होता.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे त्यामागे राबली. आता एक बारीकशी नोंद लक्षात ठेवा. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात ती दिली आहे : त्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. सवर्णांकडून. गावात तुडुंब भरलेले तळे, आणि मंडपातल्या माणसांसाठी पाणी विकत! ज्या देशात पाणपोई घालणे पुण्याचे मानतात, त्या देशातली ही गोष्ट.

दुसऱ्या दिवशी हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग सगळ्यांनी घेतले. एवढेच. नंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि घरी परतायच्या तयारीत असलेल्या माणसांवर काठ्या पडल्या. पुढे १०८ घागरी दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात लोक पुन्हा जमले, तोवर कोर्टाची मनाई आली होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. आणि पुढची दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना मनाई करणारी प्राचीन वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही.

दहा वर्षे! एका ओंजळीसाठी? नाही, आणि बाबासाहेबांनी हे डिसेंबरच्या भाषणात स्वच्छ सांगितले होते. आम्ही तहानेने तळ्यावर जात नाही, माणूस म्हणून समान आहोत हे ठरवायला जातो, असा त्या भाषणाचा रोख होता. त्याच भाषणात त्यांनी महाडच्या सभेची सांगड १७८९ च्या फ्रान्समधल्या सभेशी घातली.

इथे मला खटल्यातल्या एका गोष्टीकडे बोट दाखवायचे आहे. वादी असे म्हणत नव्हते की पाणी कमी आहे. पाणी खराब होईल, असाही त्यांचा खरा मुद्दा नव्हता. गुरांनी ते खराब होतच होते. त्यांचे म्हणणे एवढेच की तळे आमचे आणि मनाईची वहिवाट जुनी. म्हणजे राखणदारीचा दावा. आणि राखले काय? गाळ काढला? काठ बांधला? त्यांनी पाणी राखले नाही, पिणारा राखला. पहाऱ्याचे तोंड उलटे फिरले की काय होते, याचे यापेक्षा ढळढळीत उदाहरण मला ठाऊक नाही.

आता तिसरा पिणारा. पोटेटर. मद्यप. बेवडा. (मागच्या रांगेत हालचाल सुरू झाली. बसा, कोणाचे नाव घेणार नाही.)

याही पिणाऱ्याची सुरुवात आपण पायथ्यापासून करू. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन पाचाडला येऊन महाराजांच्या भेटीची वाट पाहत थांबला. पुढे ६ जूनच्या राज्याभिषेकाला तो गडावर हजर होता. या मंडळींनी इतके मांस फस्त केले की हे खाणारे आहेत तरी कोण, हे तिथल्या खाटकाला डोळ्यांनी पाहावेसे वाटले, अशी गमतीदार हकिकत नोंदलेली आहे. खाणाऱ्यांची नोंद झाली, पिणाऱ्यांची नाही. पण सुरत-मुंबईचे इंग्रज त्या काळी काय पीत होते, ते कंपनीच्या जॉन फ्रायर नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवले आहे : पंच. पाच जिन्नस घालून करतात म्हणून पंच, असे तो सांगतो. त्याचे खरे मानले तर आपला पाचाचा आकडा त्यांच्या पेल्यात गेला तो असा.

तोवर आपल्याकडे पिणारे नव्हते का? होते की! कोकणात माडी होती, ताडी होती, डोंगरात मोहाची होती. चांगले नव्हते, वाईट होते, पण गावचे होते. ब्रिटिश अंमलात त्याचा धंदा झाला आणि त्या धंद्याचा मालक सरकार झाले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. माड छेदायचा तर झाडागणिक कर. गाळायचे तर सरकारी मक्त्याखाली. १८९२ मध्ये मोहाचा वेगळा कायदा आला, आणि तो कोणत्या जिल्ह्यांसाठी? ठाणे आणि कुलाबा. कुलाबा म्हणजे आपणच. रायगड हे नाव १९८१ मधले. मोहाची फुले गोळा करणे, साठवणे, विकणे यांवर बंधने. ती फुले कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या घरात खाण्यातही होती, याचे कायद्याला सोयरसुतक नव्हते. पिणारा कमी व्हावा म्हणून हे झाले का? मुळीच नाही. त्याने घरचे सोडून दुकानातले घ्यावे म्हणून झाले.

हे ज्यांना लगेच कळले त्यांत ज्योतीराव फुले होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० च्या सुमारास, त्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीला हरकत घेतली. बोट पिणाऱ्याकडे नव्हते, दुकानाकडे होते. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन (पिकेटिंग) झाले, तेही दुकानाच्या दारात.

आणि मग १९१९. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. गडकरी त्या आधी काही आठवडे गेले होते. मराठीतला सर्वांत प्रसिद्ध पिणारा कोण? सुधाकर. हुशार वकील, मानी माणूस, सिंधूचा नवरा. पण आज वर्तमानपत्रात दारुड्यांची बातमी येते तेव्हा मथळ्यात कोणाचे नाव असते? ‘तळीरामांवर कारवाई’. तळीराम! नाटकात तो स्वतः पितोच, पण त्याचे खरे काम सुधाकराच्या हाती पहिला प्याला देण्याचे. पाजणाऱ्याचे नाव आपण सगळ्या पिणाऱ्यांना देऊन टाकले. इंग्रजीतला पोटेटर मेला, मराठीतला तळीराम शंभर वर्षे धडधाकट आहे, आणि त्याच्या या एका नावाखाली पाजणारा दिसेनासा झाला. ३१ डिसेंबरला नाक्यावर तोंडाला नळी लावून तळीराम पकडतात. पकडावेच, दारू पिऊन गाडी चालवणारा दुसऱ्याचा जीव घेतो. पण तळीराम खरोखर कोण होता, हे विसरू नका.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९५० पासून राज्यभर बंदी झाली. पुढे ती सैल होत गेली, कायदा मात्र राहिला. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजीव मिळतो. सौम्य मद्याला वय २१, कडक मद्याला २५. म्हणजे कायद्याच्या भाषेत पिणारा हा परवानाधारक आहे. आणि आणखी एक मौज. कायद्याचे नाव दारूबंदी, आणि तो राबवणाऱ्या खात्याचे नाव उत्पादन शुल्क! पाटीवरच्या एका ओळीत बंदी आणि दुसऱ्या ओळीत वसुली. १८७८ पासून आपण किती पुढे आलो?

या दुटप्पीपणाची किंमत कोण देते? २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉल. मेलेले बहुतेक कष्टकरी होते. परवान्याचा कायदा होता, खाते होते, नाके होते. पिणाऱ्यावरचा पहारा चोख होता. पिंपात काय आहे, त्यावर नव्हता.

पण या तिसऱ्या गोष्टीत एक वळण आहे, आणि ते खेड्यातल्या बायांनी दिलेले आहे. आडवी बाटली. गावात दुकान नको असेल तर महिलांना मतदान मागता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडवी जिंकायला नुसते मतदान केलेल्यांत बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. मुंबईला कामाला गेलेली सूनही यादीत, माहेरी बाळंतपणाला गेलेली लेकही यादीत. एवढी उंच चौकट असूनही राज्यात ठिकठिकाणी बाटली आडवी झाली आहे. गडचिरोलीत लोकांच्या रेट्याने १९९३ पासून जिल्हाभर बंदी आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. जिल्हाबंदी चालते की चोरटी दारू वाढते, यावर वाद आहे, आणि तो आज मी सोडवणार नाही. मला दिसते ते एवढेच : या बायांनी नवऱ्याला झाडाला बांधा असे म्हटले नाही. त्यांनी दुकानाला हात घातला. पहाऱ्याचे तोंड त्यांनी सरळ केले.

तीन पिणारे झाले. आता त्यांना घेऊन आपण आजच्या वाडीत येऊ.

महाड-पोलादपूरवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आणि एप्रिल-मे मध्ये डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतो. बाहेरच्या माणसाला हे कोडे वाटते. आपल्याला नाही. काळा कातळ, तीव्र उतार, वरून आलेले पाणी काळ, गांधारी आणि सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला जाऊन मिळते. कातळात मुरायला त्याला जागा नाही. म्हणजे पाऊस आहे, राखण नाही.

आणि राखण कशी करावी, हे इथे वर गडावरच लिहिलेले आहे, दगडात. गंगासागर, कुशावर्त, हत्तीतलाव, बारा टाकी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे असे सांगितले आहे. नसेल तर कातळ फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून राखीव साठा ठेवावा. पहिला पहारा पाण्यावर, मग दरवाजावर. पाचाडला जिजाऊसाहेबांच्या वाड्यात तक्क्याची विहीर आहे. तिथे टेकून बसून त्या पाण्याला आलेल्या बायकांची सुखदुःखे विचारत, असे लोक सांगतात. खरे-खोटे बाजूला ठेवा. राज्य करणाऱ्याने बसायची जागा विहिरीच्या काठावर असावी, हे त्या सांगण्यातले शहाणपण घ्या.

आज काठावर कोण बसते? २०१९ मध्ये जलजीवन योजना जाहीर झाली : ग्रामीण भागात घरटी नळ, माणशी रोज ५५ लिटर. चांगली गोष्ट. पण तिच्या कागदांत पाणी पिणाऱ्याला काय म्हणतात? लाभार्थी. दारू पिणारा परवानाधारक, पाणी पिणारा लाभार्थी! दोघेही कोणाच्या तरी मेहेरबानीवर. पाणी हा लाभ नाही, मित्रहो. महाडच्या खटल्यात दहा वर्षे भांडून ते ठरलेले आहे.

पण एक बाजू माझ्या-तुमच्या पदरात टाकल्याशिवाय मला बोलणे संपवता येणार नाही. हक्क मिळाला की राखण दुसऱ्याची, असे आपण समजून बसलो आहोत. पाइप आला की जुनी विहीर कचऱ्याला. टाकी आली की झऱ्यावरची झाडे तोडायला मोकळे. पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या असाव्या लागतात. त्यांतल्या किती जणींना बैठकीचा निरोप जातो आणि किती जणींकडे नुसती सहीला वही येते, हे तुम्ही मला सांगायचे. आणि उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा तो आधी कोणत्या आळीत थांबतो, शेवटी कोणत्या, आणि धनगरवाडी-कातकरवाडीपर्यंत पोहोचेस्तोवर त्यात किती उरते, हेही मी नाही, तुम्ही सांगायचे. तळ्यावरचा पहारा १९३७ मध्ये कायद्याने उठला. टँकरच्या नळीवरचा उठला आहे का?

म्हणून माझे मागणे साधे आहे. पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर एक विषय घाला. वाडीतला प्रत्येक झरा, विहीर आणि टाके यांची यादी, त्याची राखण कोणाकडे, आणि तिथून कोणते घर अजून पाणी भरत नाही. ही यादी फलकावर लावा, दर उन्हाळ्याच्या तोंडाशी वाचून दाखवा, आणि ती वाचायला पाणी वाहणाऱ्या बाईलाच उभे करा. पिणाऱ्याला नावे ठेवायला गावात माणसे पुष्कळ आहेत. पाणी राखणाऱ्यांच्या यादीत नाव घालायला किती पुढे येतात, ते त्या सभेत मोजा.